गॅदरिंगच्या कोळीनृत्याला पेनड्राइव्ह नको, गल्लीतले बेंजो मास्टर हवेत. कसं बोलवावं?

नववी_ब

नमस्कार. गिरणगावातल्या एका मराठी शाळेत मी शिकवते, यंदा नववी ब माझ्याकडे आहे. जानेवारीत गॅदरिंग. आमच्या वर्गाला कोळीनृत्य मिळालंय. अठरा मुली, सहा मुलगे.

गेल्या आठवड्यात पहिली तालीम झाली. स्पीकरवर गाणं लावलं, मुलं नाचली. मधल्या सुट्टीत चौघीजणी माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "बाई, मोबाईलवरचं गाणं नको. मास्टरना बोलवू या ना." कोण मास्टर, तर शाळेपासून दोन गल्ल्या सोडून राहणारे बेंजो मास्टर. गणपतीच्या आगमनाला त्यांची पार्टी, म्हणजे वादकांचा ताफा, असली की ही मुलं चिंचपोकळीच्या पुलापर्यंत त्यांच्या ट्रॉलीमागे चालत जातात. कुणाच्या वर्गाला सिनेमातला गायक आवडत असेल, कुणाला रॅपर. माझ्या वर्गाला हा माणूस आवडतो. त्यांच्या वाजवण्याचे तुकडे मुलांच्या फोनमध्ये आहेत. मला उभ्या उभ्या पाच ऐकवले.

ज्यांच्यावर मुलांचा एवढा जीव आहे ते पाच मिनिटांच्या अंतरावर राहतात आणि आमच्या शाळेच्या रंगमंचावर एकदाही आलेले नाहीत, हे मला लागलं. त्यांना बोलवायचंच असं मी ठरवलंय.

मुख्याध्यापिकाबाईंनी तीन गोष्टी विचारल्या: आवाजाचं काय, पैशांचं काय, आणि बाहेरची माणसं तालमीला आली तर जबाबदारी कुणाची? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. संस्थेतल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं मात्र वेगळं: "बेंजो ही मिरवणुकीतली गोष्ट, शाळेतली नाही." याला काय उत्तर द्यावं तेही सांगा. कुणी असा कार्यक्रम केला असेल तर अनुभव हवेत.

चाळ_क्रमांक_तीन

बोलवाच. मी त्याच भागात वाढलो. आमच्या गॅदरिंगला कॅसेट अडकली होती आणि पोरं स्टेजवर पुतळ्यासारखी उभी राहिली होती. अजून आठवतं.

जुना_पालक

विरोधासाठी विरोध करत नाही, पण मला काळजी वाटते. माझी दोन्ही मुलं अशाच शाळेत शिकली. गॅदरिंगच्या नावाखाली आवाज इतका वाढलाय की पहिली-दुसरीची मुलं कानावर हात ठेवून बसतात. शाळेने मुलांना जे बाहेर मिळत नाही ते द्यावं, असं मला वाटतं. बेंजो त्यांना गणपतीत मिळतोच.

स्पिक मॅकेचं उदाहरण घ्या. किरण सेठ यांनी १९७७ साली दिल्लीच्या आयआयटीतून ही चळवळ सुरू केली. शास्त्रीय आणि लोककलांतले मोठमोठे कलाकार शाळा-कॉलेजांत येऊन नुसतं वाजवत नाहीत, मुलांशी बोलतात, वाद्य उलगडून दाखवतात. आमच्या मुलीच्या शाळेत एकदा सतारीचा असा कार्यक्रम झाला. ती आज सतार वाजवत नाही, पण तिला ऐकता येतं. असं काही करता येईल का?

तार_आणि_कळ

मी बेंजो वाजवतो. सव्वीस वर्षं झाली. नोकरी सांभाळून वाजवतो, आमची पार्टी मध्य रेल्वेच्या बाजूची आहे. बाई, तुमची पोस्ट वाचून फार बरं वाटलं. आम्हाला मंडळं बोलावतात, हळदीवाले बोलावतात. शाळा बोलावत नाही. म्हणून जरा लांब लिहितो.

आधी तारीख. जानेवारीतली तारीख पौषात येते का बघा. पौषात आपल्याकडे लग्नं जवळजवळ नसतात, हळद नाही, वरात नाही. आमची मंडळी मोकळी असतात. मार्गशीर्षात किंवा माघात गेलात तर शनिवार-रविवार मिळणार नाही. गॅदरिंग मधल्या वारी असेल तर अजून सोपं. पण पार्टीत बरीच मुलं नोकरी करणारी असतात, त्यांना सुट्टी टाकावी लागते. महिनाभर आधी सुपारी द्या.

पूर्ण पार्टी बोलावू नका. वीस-पंचवीस जण, ताशे, कच्छी ढोल हे सगळं रस्त्यासाठी आहे. सभागृहात ताशा वाजला तर समोरच्या मुलांना काहीच ऐकू येणार नाही. तुम्हाला तीन माणसं पुरे: बेंजो, ढोलकी आणि एक ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक पॅडवर ताल वाजवणारा). ढोलकीच्या जोडीला टिमकी असली तर कोळीगीताला गंमत येते. वर पालकांनी आवाजाबद्दल लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. आम्ही स्वतः कानात कापूस घालतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिरवणुकीत आम्ही नाचणाऱ्यांचे पाय बघतो. पाय गरम झाले की चाल वाढवतो, थकले की उतरवतो. कधी थांबायचं ते लोक ठरवतात. स्टेजवर उलटं असतं. मुलांची स्टेप मोजून बसवलेली असते, आठ-आठच्या गिनतीत. तिथे मास्टरने सवयीने चाल वाढवली तर मागच्या रांगेतली मुलं सुटतात. म्हणून किमान दोन तालमी एकत्र हव्यात. पहिल्या तालमीत मास्टरना काही सांगू नका, नुसतं नाच बघू द्या. मग ते स्वतःच सांगतील, इथे कट देतो, इथे दोन मात्रा जास्त घेतो, मुलींना फिरायला वेळ मिळेल. ओरिजिनल गाण्यात मधे वीस सेकंद व्हायोलिन असेल तर तेवढी जागा कशी भरायची हेही तेव्हाच ठरतं.

त्यांचं वाजवणं फोनवर रेकॉर्ड करा आणि रोजची तालीम त्यावर घ्या, सीडीच्या गाण्यावर नको. आणि एक तालीम नुसत्या ढोलकीवर घ्या, बेंजोशिवाय. तार तुटते. स्टीलची तार असते, तार छेडायच्या नख्खीच्या जोराने कधी जाईल सांगता येत नाही. मास्टर दुसरा बेंजो लावून शेजारी ठेवतात, पण हातात घेऊन प्लग बदलेपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात. तेवढा वेळ मुलं ढोलकीवर नाचत राहिली पाहिजेत.

मुलं गाणार असतील तर पट्टी आधी विचारा. वीज: बेंजोचा अँप, ऑक्टोपॅड आणि माईक यांना नीट अर्थिंग असलेला बोर्ड द्या, नाहीतर पूर्ण वेळ घूं घूं आवाज येतो. लाकडी फळ्यांच्या स्टेजवर चोवीस मुलं उड्या मारणार असतील तर वादकांना स्टेजवर बसवू नका, बाजूला जमिनीवर बसवा. मुलं दिसतील अशा कोनात. हे विसरू नका. मास्टरना मुलांचे पाय दिसलेच पाहिजेत.

पैशांचं: "शाळा आहे, समजून घ्या" असं आधीच म्हणू नका. आम्ही समजून घेतोच. तुम्ही विचारा किती घेणार, मग तुमचं बजेट सांगा. तीन माणसांचा दिवस, दोन तालमी, टेम्पो किंवा टॅक्सी हे वेगवेगळं धरा. इसार द्या, उरलेले कार्यक्रम संपल्यावर त्याच दिवशी द्या. जेवणाचं विचारा. आणि आणखी एक मनातली गोष्ट, निमंत्रणपत्रिकेत त्यांचं नाव छापा. आमचं नाव बॅनरवर पार्टीचं असतं, माणसाचं नसतं.

नववी_ब

तार_आणि_कळ, तुमचा प्रतिसाद मी प्रिंट काढून मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवला आहे. पंचांगही बघितलं, आमची तारीख पौषातच आहे!

जुना_पालक, तुमचं पटतं. पण एक सांगू का, मुलांना बेंजो "मिळतो" तो गर्दीत, लांबून. वाद्य जवळून कुणीच पाहिलेलं नाही. मी वर्गात विचारलं, बेंजोला तारा किती? एकालाही सांगता आलं नाही, मलाही नाही. तुम्ही सांगितलं तसं वाद्य उलगडून दाखवण्याचं काम मास्टरांकडूनच करून घेता येईल.

गिरणीचा_भोंगा

संस्थेतल्या ज्येष्ठांना काय उत्तर द्यायचं, त्यासाठी थोडी माहिती.

ज्याला आपण बेंजो म्हणतो तो पाश्चात्यांचा गोल बँजो नाही. हे आडवं, पेटीसारखं वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज जपानी आहे, ताइशोगोतो. नागोया शहरात मोरिता गोरो यांनी १९१२ साली ते तयार केलं. टाइपरायटरला असतात तशा कळा, खाली तारा. डाव्या हाताने कळ दाबली की तार पट्टीवर टेकते, उजव्या हाताने नख्खी मारायची. सोपं आणि स्वस्त असल्यामुळे घराघरांत पोचेल अशा हिशेबाने बनवलेलं वाद्य. आपल्याकडे आल्यावर त्याला तारेचा आवाज अँपला देणारा पिकअप लागला, अँप लागला आणि ते रस्त्यावर उतरलं. जपानमध्ये ते दिवाणखान्यातलं वाद्य होतं. तेव्हा "मिरवणुकीतली गोष्ट" ही त्याची जन्मजात जागा नव्हे, आपण ती दिली.

माझे वडील गिरणीच्या साच्याखात्यात, म्हणजे विणकामाला, होते. पाळी संपली की चाळीच्या गॅलरीत बुलबुलतरंग घेऊन बसायचे. शिकवायला कुणी नाही. रेडिओवर गाणं लागलं की कान देऊन एकेक कळ शोधायचे. १९८२च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणी पुन्हा त्यांच्यासाठी उघडली नाही. त्या वर्षांत घरातलं बरंच काही विकलं गेलं. बुलबुलतरंग विकला नाही. पुढे लग्नांच्या पार्ट्यांत वाजवून त्यांनी आमच्या फिया भरल्या. माझ्या शाळेची फी बेंजोने भरली, आणि त्या शाळेत बेंजो कधी वाजला नाही. बाई, तुम्ही हे करताय त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

वकिली_चष्मा

कायद्याच्या दोन-तीन गोष्टी, थोडक्यात.

आवाज: ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रात्रीची ४५. शाळा-रुग्णालयांभोवतीच्या शांतता क्षेत्राचे नियम आणखी कडक आहेत, त्यामुळे जवळ रुग्णालय असेल तर (परळमध्ये असणारच) पोलीस ठाण्यात आधीच जाऊन विचारा. कार्यक्रम दुपारी, बंद सभागृहात ठेवलात तर निम्मे प्रश्न सुटतात.

गाण्यांचे हक्क: कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ मध्ये शाळांसाठी सवलत आहे. शाळेच्या उपक्रमात शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी गाणं किंवा नाटक सादर केलं तर ते उल्लंघन ठरत नाही. पण ही सवलत शिक्षक-विद्यार्थ्यांच्या सादरीकरणाला आहे. पैसे देऊन बाहेरचा वादक आणला की तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. बरीच कोळीगीतं आपण पारंपरिक समजतो, पण त्यांना गीतकार-संगीतकार आहेत, ती रेकॉर्डसाठी लिहिली गेली. एक तर खरोखर पारंपरिक चाल निवडा किंवा आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवान्याची चौकशी करा. व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा असेल तर पारंपरिक चालच बरी.

तालमीला बाहेरची माणसं: शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) असेल, तिला लेखी कळवा. प्रत्येक तालमीला दोन शिक्षक हजर, प्रवेशद्वारावर नोंद, मुलांचे फोन नंबर कुणी घ्यायचे-द्यायचे नाहीत. मास्टरना हे स्पष्ट सांगितलं तर त्यांनाही सोयीचंच होईल.

घुमटाचा_नाद

गोव्याहून. आमच्या गावच्या शाळेत चवथीच्या आधी आरती मंडळातल्या एका काकांना घुमट घेऊन बोलावलं होतं. मातीचं भांडं, एका तोंडाला चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं आणि आता बकऱ्याचं वापरतात. काकांनी मुलांना दोन्ही आवाजांतला फरक तोंडाने करून दाखवला! २०१९ साली घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, त्यानंतर शाळांत त्याला जरा मान मिळू लागला. पण आमच्या काकांना जाहीरनाम्यापेक्षा शाळेने खुर्ची दिली त्याचं अप्रूप जास्त होतं. कार्यक्रमाआधी मास्टरना अर्धा तास वर्गात आणा. स्टेजवर मुलं बघतात, वर्गात प्रश्न विचारतात.

वरळीकरीण

मी कोळीवाड्यातली. बेंजोबद्दल सगळ्यांनी लिहिलंय, मी नाचाबद्दल लिहिते, कारण शाळांतली कोळीनृत्यं बघून माझा जीव कळवळतो. रंगीत साडी गुडघ्यापर्यंत, डोक्यावर प्लास्टिकची टोपली, आणि वल्हं म्हणून हात हवेत गोल फिरवणं. वल्हं असं मारत नाहीत. वल्हं पाण्यात पडतं तेव्हा अंग पुढे जातं, ओढताना सगळी पाठ मागे येते. जोर पाठीत असतो. जाळं ओढताना पाय रोवतात, नाचत नाहीत. हे एकदा मुलांना दाखवलं की नाच आपोआप जड आणि सुंदर होतो.

आणि चाल. आमच्याकडे हळदीत जे वाजतं ते हल्ली फार पळतं. जुनी चाल झुलणारी असते, होडी लाटेवर चढते-उतरते तशी. मास्टरना सांगा, झुलती चाल द्या. जाणकार असतील तर लगेच ओळखतील.

जमल्यास एखाद्या कोळीवाड्यातल्या बाईला तालमीला बोलवा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सवड असते, जानेवारीत धंदा चालू असतो, पण दुपारी तीननंतर कुणीतरी नक्की येईल. कुणी नाही मिळालं तर मी येते. खरंच येते.

नववी_ब

वरळीकरीण, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. आलातच तर चोवीस मुलं तुमच्या पाया पडतील.

काल मास्टरांकडे गेले होते, चौघी मुलींना आणि एका पालकांना घेऊन. दहा बाय दहाची खोली, पलंगाखाली दोन बेंजो शालीत गुंडाळलेले. मुलींनी स्वतः लिहिलेलं पत्र दिलं. मी एकही शब्द सुधारला नव्हता. त्यात एक वाक्य होतं: "तुम्ही आमच्या गल्लीतून जाता तेव्हा आम्ही अभ्यास सोडून खाली येतो, आता तुम्ही आमच्या शाळेत या, आम्ही अभ्यास करून नाचू." त्यांनी ते दोनदा वाचलं आणि बायकोला वाचायला दिलं.

पैशांची गोष्ट मी तार_आणि_कळ यांनी सांगितली तशीच केली. तीन माणसांचे नऊ हजार ठरले, तालमींसह, शाळेच्या खात्यातून चेकने. त्यातले तीन हजार पालक-शिक्षक संघ देतोय. मास्टर तालमींचे पैसे घेत नव्हते. बाईंनी निरोप पाठवला होता की तालमीचे घेतले नाहीत तर आम्ही बोलावणार नाही.

संस्थेतल्या ज्येष्ठांना मी गिरणीचा_भोंगा यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी निमंत्रणपत्रिकेच्या मजकुरात त्यांनीच मास्टरांच्या नावामागे "श्री." घातलं.

जुना_पालक

पत्रातलं ते वाक्य वाचून माझं मत बदललं. कार्यक्रम कसा झाला ते जरूर लिहा. आवाजाचं मात्र बघा.

तार_आणि_कळ

चेकवर नाव पार्टीचं की माणसाचं ते विचारून घ्या. बऱ्याच पार्ट्यांचं बँक खातं नसतं, मास्टरच्या नावाने लागतं. आणि ढोलकीवाल्याला वेगळं पाकीट मिळालं तर त्याला आनंद होतो.

नववी_ब

झाला कार्यक्रम. परवा. तेव्हापासून झोप नीट नाही, आनंदाने.

तालमींचं आधी सांगते. वरळीकरीण आल्या. पहिल्याच तासात त्यांनी मुलांच्या हातातल्या पुठ्ठ्याच्या वल्ह्या बाजूला ठेवायला लावल्या आणि बाक ओढायला दिले, दोघा-दोघांना एक बाक. "आता पाठीत जोर आला ना, तोच ठेवा." मास्टर कोपऱ्यात बसून बघत होते. काही न बोलता त्यांनी चाल धरली, झुलती. ऑक्टोपॅडवाला मुलगा थोडा पुढे पळत होता, मास्टरांनी फक्त त्याच्याकडे पाहिलं, तो आला जागेवर. गाणं पारंपरिकच घेतलं. चार मुली गायल्या, पट्टी त्यांच्या गळ्याप्रमाणे उतरवून घेतली.

घुमटाचा_नाद, तुमचं ऐकून त्यांना अर्धा तास वर्गात आणलं. तो दीड तास झाला. गणिताच्या सरांनी स्वतःचा तास दिला. एका मुलाने विचारलं, कळा काळ्या-पांढऱ्या का नाहीत? दुसरीने विचारलं, मुली पार्टीत का नसतात? मास्टर जरा थांबले. म्हणाले, "रात्रीची कामं असतात, घरचे पाठवत नाहीत. पण वाजवायला मुलगा लागतो असं काही नाही." मग त्यांनी तिलाच बसवलं आणि सा दाखवला.

कार्यक्रम दुपारी चार वाजता, सभागृहात, खिडक्या बंद करून. पोलीस ठाण्यातून परवानगी आधीच आणली होती. वादक जमिनीवर, डाव्या हाताला, मुलांचे पाय दिसतील असे. पहिलं कडवं सुरेख गेलं. दुसऱ्यात, मुली गोल फिरत असताना, बारीक टण्ण असा आवाज आला आणि बेंजो गप्प. तार गेली.

माझ्या छातीत धस्स झालं. ढोलकी थांबली नाही. मुलंही थांबली नाहीत. एकाही पोराने मागे वळून पाहिलं नाही. नुसत्या ढोलकीवर, मोजून, बाक ओढल्यासारखी पाठ मागे घेत चोवीस जण वल्ही मारत राहिले. सभागृह एकदम शांत झालं होतं, पायांचा आवाज फळ्यांवर ऐकू येत होता. मास्टरांनी दुसरा बेंजो मांडीवर घेतला, वायर लावली, पण लगेच वाजवला नाही. पूर्ण एक आवर्तन मुलांकडे बघत राहिले. मग समेवर आत आले. त्यानंतर पालकांनी जो गलका केला तो ५५ डेसिबलमध्ये बसला नसेल, जुना_पालक, तेवढं माफ करा. पहिली-दुसरीतल्या मुलांनी कानावर हात ठेवले नाहीत, मी मुद्दाम पाहिलं.

तुटलेली तार वर्गातल्या त्याच मुलीने, सा वाजवणारीने, मागून घेतली. तिच्या कंपासपेटीत आहे.

चेक त्याच संध्याकाळी दिला, ढोलकीवाल्याला वेगळं पाकीट. बाईंनी मास्टरांना चहाला थांबवलं आणि विचारलं, शनिवारी शाळा अर्धा दिवस असते, महिन्यातून दोनदा मुलांना शिकवायला याल का, मानधन शाळा देईल. मास्टर म्हणाले, "शनिवार नाही जमणार बाई, पौष संपला की हळदी सुरू. बुधवारी येतो."

तार_आणि_कळ

बाई, शाळेला एक बेंजो लागेल ना आता. माझा जुना आहे, कळा नीट आहेत, स्प्रिंगा बदलून देतो. कुठे पोचवू ते कळवा.